नैराश्यात सीआरपीचा अहवाल कसा वाचावा

नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्या काहींच्या रक्तात सीआरपी हे यकृतात तयार होणारे दाहदर्शक प्रथिन वाढलेले आढळते; मात्र त्यावरून निदान होत नाही. अहवालात प्रथम एकक पाहावे, कारण १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि ही गल्लत फार सहज होते. प्रति लिटर १० मिलिग्रॅमहून अधिक आकडा आल्यास अलीकडचा ताप, दातांचे दुखणे किंवा जखम आठवून पाहावी व बरे वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. लठ्ठपणा आणि धूम्रपान यांनीही तो वाढतो, हे डॉक्टरांना सांगावे. अहवाल सामान्य आला म्हणून नैराश्य खोटे ठरत नाही, आणि वाढलेला आला तरी स्वतःच्या मनाने दाहशामक गोळ्या घेऊ नयेत: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इन्फ्लिक्सिमॅब या दाहशामक औषधाच्या नैराश्यावरील चाचणीत सरसकट लाभ दिसला नव्हता.