पावसात मेंढ्या लंगडत होत्या, ते कसं थांबलं

लांज्याकडे आमच्या 14 दख्खनी मेंढ्या. आषाढात 5 लंगडायला लागल्या, दोघी तर गुडघे टेकून चरायच्या. खुरांच्या बेचक्यात सडका, उग्र वास. तोंडात फोडही नव्हते, त्यामुळे लाळ्या-खुरकूत वाटत नव्हती. हा खूर कुजण्याचा जंतुरोग.

हळद-तेल आणि जांभळं औषध लावून महिना वाया गेला, जीव रडकुंडीला आला. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, वापरणार होतो, पण डॉक्टरांनी थांबवलं: मेंढीला तांबं फार बाधतं, मोरचुदाचं पाणी प्यायली तर जिवावर बेततं.

गुण आला तो असा. आधी लंगड्या मेंढ्या वेगळ्या केल्या. खुरातली घाण काढून फक्त सुटलेली कड कापली. रक्त येईपर्यंत कापायचं नाही, त्याने बरं व्हायला उशीर लागतो. मग 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट, त्यात 15 मिनिटं उभ्या. लगेच चिखलात न सोडता तासभर कोरड्या जांभ्यावर. आठवड्याने पुन्हा तेच. दोघींना डॉक्टरांनी इंजेक्शनही दिलं.

मेंढ्यांचा जुना वाडा 2 आठवडे रिकामा ठेवला, कारण खुराबाहेर हा जंतू फार टिकत नाही. आता पोफळीच्या रिपांचा माच केलाय, लेंड्या-मूत खाली पडतं.