'टेक' म्हणजे 'घेणे' एवढंच नव्हे: या चुका टाळा

इंग्रजीतलं 'टेक' दिसलं की समोर 'घेणे' लिहायचं आणि पुढच्या शब्दाकडे धावायचं, ही खोड मुलांइतकीच मोठ्यांतही दिसते. महिन्याभरात फाडफाड इंग्रजीच्या नादात तर ती आणखी पक्की होते.

सगळ्यात महागात पडते ती परीक्षेची चूक. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो, शिक्षक घेतात. इंग्रजीत 'टेक ॲन एक्झाम' विद्यार्थी करतो. तासाचंही बहुतेकदा तेच. माझ्या एका विद्यार्थिनीने परदेशी विद्यापीठाकडे अर्ज केला. दहावीच्या मुलांना तिने गणित शिकवलं होतं, ते तिने लिहिलं: 'आय टुक मॅथ्स क्लासेस फॉर थ्री इयर्स'. पलीकडून विचारणा आली की या अभ्यासक्रमाची गुणपत्रिका कुठे आहे? त्यांच्या लेखी ती गणित शिकत होती! मुदत तोंडावर आलेली आणि खुलासे सुरू. शेवटी 'टुक' खोडून 'टॉट' लिहिलं, तेव्हा शिकवण्याचा अनुभव जमेस धरला गेला.

म्हणून माझ्या वर्गात 'टेक' वहीत एकटं लिहायचं नाही, सोबत नाम हवंच. 'टेक टाइम' म्हणजे वेळ लागणं, 'टेक अ फोटो' म्हणजे फोटो काढणं. आणि 'टेक हर टु द डॉक्टर' म्हणजे तिला डॉक्टरकडे ने. इथे 'घे' बसतच नाही.

'टेक आफ्टर' म्हणजे मागोमाग घेणं नव्हे. लेक आईच्या वळणावर गेली, ते.

'हॅव टुक' नाही, 'हॅव टेकन'.

दुसरी चूक व्युत्पत्तीची, आणि ती मला जास्त खटकते. 'टेक' आणि आपलं 'टेकणे' एकच, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मोह समजतो, कारण गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या नातलग भाषेत याच्या भाईबंद क्रियापदाचा अर्थ 'स्पर्श करणे' असा होता. पण जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेला नियम पाहा: संस्कृतात 'द' असतो तिथे इंग्रजीत 'ट' येतो. द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ. म्हणजे 'ट'ला 'ट' जुळला, हाच नात्याविरुद्धचा पुरावा.

'टेक' इंग्रजीत आलं ते उत्तरेकडून. नवव्या शतकात इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग वसले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं 'टाका' इंग्रजांच्या तोंडी रुळलं. त्याआधी इंग्रजीत घेण्यासाठी 'निमन' होतं, जर्मन 'नेमेन'चं सख्खं भावंड. नव्या शब्दाने त्याला हळूहळू हुसकावलं. सुन्न, बधिर या अर्थाचं इंग्रजी 'नम्' हे 'निमन'चंच उरलेलं रूप: मुळात 'घेतलेला, पकडलेला'. कुणी व्युत्पत्ती सांगू लागलं की मी आधी विचारते, जुनं रूप कोणतं आणि ते कुठल्या काळातलं? आवाजाच्या साम्यावर मी वहीत काहीही लिहू देत नाही.