गांधीहत्येचे कागद कसे वाचावेत : सोलापुरात बसून

30 जानेवारी आली की आमच्या चहाच्या टपरीवर गांधीहत्येचा खटला पुन्हा उभा राहतो. तीन गोळ्यांखेरीज चौथी गोळी होती का, पिस्तूल कुणी दिलं, मागे कोण होतं... ज्याचा आवाज मोठा, त्याचा निकाल. तुम्हाला खरंच काही शोधायचं असेल तर 'मागे कोण' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. चौथ्या गोळीचाही मोह सोडा. तपास पुन्हा करावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली फेटाळली आहे. 'कुणाला काय, कधी कळलं' हा प्रश्न घ्या. तो रविवारच्या दोन-दोन तासांत झेपतो.

त्यासाठी दहाच दिवस पुरेत. 20 जानेवारी 1948 ला दिल्लीत, गांधीजी राहत होते त्या बिर्ला हाउसमध्ये स्फोट झाला आणि तो घडवणारा मदनलाल पाहवा तिथेच पकडला गेला. त्याच्या सांगण्यातून पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख पुढे आला. 21 तारखेला मुंबईत प्राध्यापक जैन यांनी मदनलाल आपल्याशी काय बोलला होता, ते मुंबई प्रांताचे सरकारप्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातलं. आणि 30 तारखेला तोच संपादक प्रार्थनासभेत पोहोचला. मधल्या दिवसांत हा निरोप कुठे कुठे अडला? खरी मेख तिथे आहे.

आधी विशेष न्यायाधीश आत्माचरण यांचा 10 फेब्रुवारी 1949 चा निकाल वाचा, मग त्याच वर्षी जूनमध्ये आलेला पंजाब उच्च न्यायालयाचा, आणि शेवटी हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा 1969 चा अहवाल. तो इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतो. बहुतेक जण थेट अहवालातच उडी मारतात आणि फसतात, कारण त्यातल्या पुष्कळ साक्षी घटनेनंतर जवळपास वीस वर्षांनी झालेल्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल त्यानंतर उघडा.

आता वही. फुलस्केप घ्या आणि चार रकाने आखा : घटना कधीची, सांगणारा कोण, त्याने ते कधी सांगितलं, कुठे छापलंय. तिसरा रकाना कधीच मोकळा ठेवू नका. लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांना कटाची आधी कुणकुण होती, हे जाहीर झालं नोव्हेंबर 1964 मध्ये, शिक्षा भोगून सुटलेल्या आरोपींच्या पुण्यातल्या सत्कार समारंभात. म्हणजे पहिल्या रकान्यात 1948 आणि तिसऱ्यात 1964. या सोळा वर्षांच्या फरकावर गदारोळ उठला आणि त्यातून चौकशी आयोग आला. चौथ्या रकान्यात पीडीएफचं पान लिहायची चूक मी केली. दुसरी स्कॅन प्रत उतरवली आणि वर्षभराचे आकडे बोंबलले. अहवालात परिच्छेदांना 25.106 असे क्रमांक आहेत, तेच लिहा. प्रत बदलली तरी ते बदलत नाहीत.

सोलापूरकराला एक धागा घरचाच आहे. आरोपींपैकी शंकर किस्तय्या, म्हणजे पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे याचा नोकर, मूळचा सोलापूरचा. नाव ऐकलं की आपल्याला शहराचा पूर्व भाग, यंत्रमाग आणि तेलुगू आठवतेच. बडगे माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. त्याच्या हुकमातल्या शंकरला मात्र जन्मठेप झाली. न्यायाधीशांनीच ती सात वर्षांवर आणण्याची शिफारस केली होती, आणि पुढे उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. दोन्ही निकालांतला त्याच्याबद्दलचा भाग समोरासमोर ठेवून वाचा. मालकाने दिलेल्या सामानात काय आहे, हे नोकराला किती ठाऊक होतं? 'कुणाला काय, कधी कळलं' हाच प्रश्न, फक्त छोट्या माणसाबद्दल. शोधताना एक भान ठेवा : जुन्या इंग्रजी कागदांत आपलं गाव 'शोलापूर' आहे, आणि किस्तय्याचं स्पेलिंग जागोजागी बदलतं. सगळी रूपं टाकून पाहा.

हे वाचून पूर्व भागात कुणाच्या आडनावावरून चौकशी करत फिरू नका. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या नात्यागोत्याला तुमच्या छंदाचा ताप कशाला?

दोन साक्षी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, बाजूला तांबड्या पेनाने फुली मारा आणि पुढे चला. माझ्या वहीत 21 ते 25 जानेवारीच्या पानांवर अशा फुल्या सगळ्यात जास्त आहेत.