लावे पाहायचे तर घड्याळ सांभाळा

माळावर दुपारी कितीही पायपीट केली तरी लावा, हा तितरासारखा छोटा पक्षी, दिसत नाही. दिसतो तो थेट पायाखालून भुर्रकन उडून जाताना, आणि तोवर कॅमेऱ्याची पिशवीसुद्धा उघडलेली नसते. सासवड, जेजुरी, सुपे या बाजूला आम्ही असे बरेच रविवार घालवले. मग माळावर जायची वेळ बदलली.

१. उजाडता उजाडता माळावर पोहोचा. गवत दवाने ओलं असतं, म्हणून लावे चरायला आणि अंग कोरडं करायला बैलगाडीच्या वाटेवर, उघड्या मातीत येतात. ऊन चढलं की झुडपाखाली दडी मारतात.

२. चालू नका. वाटेच्या कडेला गाडी बंद करून आतच बसा, सूर्य पाठीशी ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत एकामागोमाग एक, शाळेच्या रांगेसारखे, वाट ओलांडताना दिसतात.

३. थवा उधळलाच तर मागे धावू नका. जागेवर गप्प बसा. पांगलेले लावे शीळ घालून एकमेकांना बोलावतात आणि पुन्हा गोळा होतात. खरी मजा इथेच आहे.

४. सकाळ हुकली तर सूर्यास्ताआधीचा तास. पाणवठ्याकडे जाणारी वाट धरा.

पावसाळ्यात काळ्या छातीचा लावा गवतातून ‘व्हिट-व्हिट’ ओरडतो, पण त्या दिवसांत गवतात शिरू नका. घरटी जमिनीवरच असतात, अंडी पायाखाली येतात. आणि फासे लावणारं कोणी दिसलं तर वनखात्याला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानातला लावा धरणं किंवा मारणं गुन्हा आहे.