द्राक्षवेलीच्या आत ऊन किती पोचतं, ते मोजायचं कसं?

खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत (पुढे फुटणाऱ्या कोंबांत) पुढच्या हंगामाचे घड ठरतात. तेव्हा ऊन कमी पडलं, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडांच्या जागी बाळ्या, म्हणजे नुसते तणावे, निघतात. म्हणून मोजायचं ते याच दिवसांत, निरभ्र आकाशात, दुपारी बारा ते दीडमध्ये.

पीएआर मीटर, म्हणजे पानांच्या कामी येणारा उजेड मोजणारा मीटर घ्या, विकत नाहीतर भाड्याने. लक्समीटर नको. तो माणसाच्या नजरेच्या हिशेबाने मोजतो, आणि आपल्या नजरेला हिरवा उजेड सर्वांत जास्त दिसतो. पानांतून गाळून येतो तोही हिरवाच, त्यामुळे सावलीतला आकडा फुगतो. मोबाइलच्या ॲपबद्दल तर बोलूच नका.

खरी गोची कवडशांची. मीटर कवडशात धरला तर आकडा हजार मायक्रोमोलच्या (या मीटरचं एकक) वर, बोटभर बाजूला नेला तर शंभरच्या खाली. मग प्रत्येक जण आपल्याला हवा तो आकडा वहीत लिहितो. म्हणून ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) टेप बांधा, दर २० सेंमीला एक खूण करा आणि खुणेवर जे येईल तेच लिहा. कवडसा शोधायचा नाही, टाळायचाही नाही. मीटर काडीच्या तळाशी, तिच्यावरच्या डोळ्यांच्या उंचीला, अगदी आडवा धरा. स्वतःची सावली आणि टोपीची कड सांभाळा. दर दहा नोंदींमागे एकदा उघड्यावर येऊन वरचं ऊन मोजा. ढग आला तर थांबा, अंदाजाने भरू नका.

नुसती सरासरीही काढू नका. पूर्ण उन्हात आकडा २००० मायक्रोमोलच्या आसपास जातो, पण द्राक्षाचं पान त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच तृप्त होतं. दोन झगझगीत कवडसे सरासरी वर खेचतात आणि बाकीचे डोळे अंधारातच राहतात. त्यापेक्षा किती खुणा उघड्यावरच्या उन्हाच्या १० टक्क्यांखाली आहेत ते मोजा. एक पान जेमतेम तेवढंच ऊन खाली सोडतं. म्हणजे त्या खुणा पानाआड गेलेल्या. निम्म्याहून जास्त निघाल्या तर माझ्या मते बगलफुटी (पानांच्या बगलेतून निघालेल्या फुटी) काढायला उशीर झालाय.

मीटर नसेल तर बारीक सळई पानांच्या पडद्यातून आरपार घाला आणि वाटेत लागलेली पानं मोजा. ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड स्मार्ट यांनी वाइनच्या बागांसाठी ही पद्धत रूढ केली. त्यांचा एक-दीड पानांचा निकष मात्र नाशिकच्या खायच्या द्राक्षांना जसाच्या तसा लावू नका, उन्हाने मणी भाजतील.

फुटींची विरळणी झाली की त्याच खुणांवर, त्याच वेळेला पुन्हा मोजा.