इंदुरात मराठी एकांकिका उभी करायची तर

गणेशोत्सवात प्रयोग लावायचा असेल तर संहिता उन्हाळ्याच्या सुट्टीतच हातात हवी. शाळा आणि कोचिंग सुरू झालं की अकरावी-बारावीची मुलं भंवरकुव्याच्या क्लासमधून रात्री आठशिवाय सुटत नाहीत. म्हणून आमची तालीम साडेआठ ते दहा. दहाच्या पुढे पाच मिनिटंही नाही. मुलींना घरून परवानगी मिळते ती या एका शिस्तीवर.

संहिता निवडण्याआधी माणसं मोजा. कोण येणार, कोणाची परीक्षा आहे, कोण नोकरीसाठी पुण्याला निघालंय, ते बघा. मुंबईत गाजलेलं तीन अंकी नाटक करायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण मराठी नाटकं इंदुरात आणणाऱ्या ‘सानंद’ या संस्थेमुळे आपल्या प्रेक्षकानं ते मूळ संचात बघितलेलं असतं आणि मग बिचाऱ्या आपल्या पोरांची तुलना थेट त्या नटांशी होते. त्यापेक्षा सहा-सात पात्रांची, पाऊण तासाची एकांकिका घ्या, आणि शक्यतो इथल्याच कोणाकडून लिहून घ्या. रामबागेतल्या घरातली आजी ‘काय करून राहिलास रे?’ असंच विचारते. तिच्या तोंडी सदाशिव पेठ घातली की प्रेक्षकही अवघडतात. छापील संहिता घेतलीत तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन आधी, वाचन नंतर.

पहिला आठवडा नुसतं वाचन. इकडच्या मुलांना देवनागरी फडाफडा वाचता येते, अडचण नेमकी तीच: सगळं हिंदीसारखं वाचतात. ‘माझा’मधला झ आणि ‘माझी’मधला झ त्यांना एकच वाटतो. उच्चारांवर भाषण देत बसू नका, पेन्सिल द्या. ‘चारा’तल्या च-खाली टिंब, ‘चार’ला नाही, ‘जग’ला टिंब, ‘जेवण’ला नाही. हिंदीतला नुक्ता शाळेत माहीत झालेला असतो, त्यामुळे ही खूण लगेच कळते. ळ दिसला की लाल गोल. ज्यांच्या घरी मालवी बोलली जाते त्यांना ळ आपसूक जमतो; अशा मुलाला बाकीच्यांचा मास्तर करा, मग बघा त्याचा रुबाब. टिंबं मुलांनी स्वतः द्यायची, तुम्ही फक्त तपासायची.

जे मूल मराठी बोलायला लाजतं त्याला प्रॉम्प्टर करा. माझ्या मते संबंध संघात शिकण्यासारखं याहून चांगलं काम नाही. एका वर्षी नववीतली एक मुलगी आली. आई हिंदीभाषक, वडील मराठी. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची. तिला विंगेत वही देऊन बसवलं. ओळीखाली बोट ठेवून वाचायची. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बोट थांबलंय, वही मांडीवर मिटलेली आहे आणि नटाच्या आधी हिचे ओठ हलतायत. पुढच्या वर्षी तिनं स्वतःहून भूमिका मागितली, तीही भांडकुदळ शेजारणीची.

आता पैसे, म्हणजे मंडळांचं दुखणं. ‘आपल्याच घरचं काम आहे’ म्हणत पेटीवाल्याची शाल-नारळावर बोळवण करायची पद्धत आधी बंद करा. तो शिकवण्या बुडवून तालमीला येतो. वादक, प्रकाशयोजना करणारा, रंगभूषाकार, सुतार यांचे आकडे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, निम्मी रक्कम रंगीत तालमीच्या आधी द्या, उरलेली प्रयोगाच्या रात्रीच. मंडप आणि फुलांचे हार यांचा विचार त्यानंतर. कलावंत मराठीच हवा असा हट्ट नको. भोपाळला 2011 पासून मध्यप्रदेश नाट्य विद्यालय आहे. तिथून शिकून आलेल्या हिंदी रंगकर्मीला दोन दिवसांच्या देहबोलीच्या शिबिराला बोलवा, मानधन देऊन. मुलांना कळतं की नाटक हे पोट भरायचं कामही असू शकतं, आणि त्या कलावंतालाही आपल्या हॉलचा रस्ता माहीत होतो.

नेपथ्यावर खर्च कमी करा. ज्या गावात विष्णु चिंचाळकर गुरुजींनी वाळक्या पानांतून नि टाकाऊ वस्तूंतून चित्रं उभी केली, तिथे भाड्यानं सोफासेट आणायची लाज वाटायला हवी. सियागंजच्या बाजारातून रिकामी खोकी आणा, घरोघरच्या जुन्या साड्या मागा. मात्र ज्यावर कोणी उभं राहणार आहे ते सुताराकडूनच करून घ्या. दीड फूट उंचीचे तीन लाकडी ठोकळे केलेत की बाकडं, ओटा, पलंग, दुकानाचा गल्ला, सगळं त्यातून निघतं. ते वर्षानुवर्षं पुरतात.

तिकीट थोडं का होईना, ठेवाच. फुकट पास वाटले की पुढच्या दोन रांगा रिकाम्या राहतात आणि मागे माणसं उभी. दारावर हिंदीत एका पानाचं कथानक ठेवा, म्हणजे मुलांचे शाळेतले मित्रही येऊन बसतात.

उत्साह टिकला तर महाराष्ट्र शासनाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे, 1954 पासूनची. पण तिथे एकांकिका चालत नाही, पूर्ण लांबीचं नाटक लागतं, आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. तो कागद यायला वेळ लागतो, तेव्हा नियमावली आधी वाचा आणि नटांच्या मागे नंतर लागा.

आणि प्रयोग झाल्यावर लगेच एक फाइल करा: खुणा केलेली संहिता, हालचालींचे आराखडे, प्रकाशाच्या नोंदी, कोणाला किती दिले त्याचा हिशेब. आपली मुलं पदवी झाली की पुण्याला किंवा बंगळुरूला जातात, जाणारच, आणि नव्या दिग्दर्शकाला दर वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते. फाइल अध्यक्षांकडे ठेवू नका. अध्यक्ष बदलतात, फाइल त्यांच्या माळ्यावर जाते. कपडेपट सांभाळणाऱ्या काकूंकडे द्या.