जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर अडतो तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणीच्या महामार्गालगत काम शिकणाऱ्याच्या हाती येणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी बहुधा गोव्याहून किंवा पुण्याहून दोन-तीन मालक बदलून आलेली असते आणि गिऱ्हाईक "गाडी ओढत नाही" यापलीकडे फारसे सांगत नाही. म्हणून पाना उचलण्याआधी त्याला बोलते करावे. त्रास थंड गाडीत होतो की तापल्यावर, सपाटीला की कणकुंबीकडून चोर्ल्याच्या वळणांवर, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना की वरच्या गिअरला, हे कळल्याशिवाय केलेली तपासणी आंधळी असते.

मला सर्वांत जास्त भोवली ती डिपस्टिक, म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी पाहायची कांडी, म्हणून तिच्याविषयी थोडे पाल्हाळ लावतो. बऱ्याच गाड्यांत ऑइल ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून आणि ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवत पुन्हा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, आणावा लागतो आणि मगच पातळी पाहायची असते. होंडाच्या जुन्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून साधारण दीड मिनिटाच्या आत ती पाहतात. थंड ऑइल गरम खुणेशी ताडून पाहिले, तर ते कमीच दिसते. मग आपण वर ओततो, ते तापून फुगते, फिरणारे भाग ते घुसळतात, त्याला फेस येतो आणि बुडबुड्यांच्या ऑइलात दाब टिकत नाही. इंजिनाचे आरपीएम चढतात, गाडी मात्र पुढे सरकत नाही. ऑइल कमी असतानाही लक्षण नेमके हेच असते, त्यामुळे नवखा माणूस आणखी ओततो आणि क्लच प्लेटी जळायला लागतात. कांडीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात, जी बाजू कमी पातळी दाखवते ती खरी मानावी आणि कांडी पुसायला वेस्ट, म्हणजे सुताचा गुंता, मुळीच वापरू नये, कारण त्याचे धागे आत जाऊन ऑइलचा दाब गिअरांकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत अडकतात. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे मॅन्युअलमध्ये दिलेली पद्धत पाळावी.

ऑइल तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर प्लेटी गेल्याची शंका घ्यावी. गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या पॅनमधल्या चुंबकावरची बारीक करडी पूड पाहून मात्र घाबरू नये. धातूचे तुकडे दिसले तरच काळजी करावी. बाटलीतले चमत्कारी औषध ओतून गिअर सुरळीत करून देणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

गाडी तिसऱ्याच गिअरला अडकून बसली, म्हणजे गिअरबॉक्स संपला असे नव्हे. अनेकदा संगणकाने स्वतःच सुरक्षिततेसाठी ती अवस्था घेतलेली असते. स्कॅनरवर पी ०७०० दिसला, तर तो केवळ ट्रान्समिशनच्या संगणकात दोष नोंदला गेल्याचा निरोप असतो. खरा दोष त्याच्यासोबतच्या कोडमध्ये सापडतो, उदाहरणार्थ पी ०७५० हा शिफ्ट सोलेनॉइड 'ए'चा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा. समुद्राकाठी वापरलेल्या गाडीचा सोलेनॉइडकडे जाणारा कनेक्टर उघडला, की पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. तो साफ करून सोलेनॉइडचा रोध मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडावा. थ्रॉटल पोझिशन सेन्सरही विसरू नये, कारण पाय किती दाबला आहे हेच संगणकाला नीट कळले नाही, तर गिअर उशिरा किंवा झटक्याने पडतो.

नुसत्या आवाजावरून निदान सांगणारा उस्ताद थोर असेलही, पण शिकायचे असेल तर आधी ऑइलचा दाब मोजायला प्रेशर गेज लावणारा मिस्त्री गाठावा. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गाडी जागीच धरत गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहणे, त्याच्या देखरेखीखालीच करावी आणि पाच सेकंदांहून अधिक काळ ओढू नये, कारण तेवढ्यातच ऑइल भयंकर तापते. दाब सगळ्याच गिअरांत कमी भरला, तर फिल्टर, पंप आणि प्रेशर रेग्युलेटर पाहावा. एखाद्याच गिअरात कमी भरला, तर त्या गिअरच्या क्लचची सील गळत असण्याचा संभव मोठा. सील बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, तेव्हा खर्चाचा अंदाज गिऱ्हाइकाला त्याच वेळी सांगावा.